पंचवीस घोड्यांमागं एक नालबंद



या पानावर आपण बैलाच्या खुराबद्दल आणि पत्रीबद्दल बऱ्याच वेळा बोललोय. आज घोड्याच्या पायाबद्दल लिहितोय. कुणी म्हणंल, घोडा आता राहिलाय कुठं? पण शेतात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांकडं बघा, वाड्याचं सगळं बिऱ्हाड घोड्यावरच असतं. माथेरानला आजही घोडा माणूस आणि सामान वाहतो. लग्नातली घोडी आहे, टांगा आहे, सारंगखेड्याचा आणि माळेगावचा बाजार आहे. या सगळ्यांच्या घरची चूल घोड्याच्या चार खुरांवर पेटते. एक खूर गेला की चूल विझली.

इतिहासात तर यापेक्षा मोठं काही या खुरांवर उभं होतं. आपण इतिहास वाचतो तो तलवारीचा, किल्ल्याचा. पण फौज दौडायची कशावर? त्या घोड्याला रोज कोण बघायचं, त्याचा खूर कोण साफ करायचं, नाल कोण ठोकायचं, हे कुणी विचारत नाही. आपण शेतकरी माणसं, आपण विचारायला पायजे.

कृष्णाजी अनंत सभासदानं 1697 च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तिच्यात फौजेची मांडणी दिलीय. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि याच मांडणीत एक बारीक गोष्ट आहे, जी वाचताना डोळ्याखालून निसटते. दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद.

पखालजी म्हणजे पाणी वाहणारा. नालबंद म्हणजे खूर तासून नाल ठोकणारा. म्हणजे लढणारा गडी मोजताना महाराजांनी पाणी आणि खूर हे दोन्ही त्याच हिशोबात धरले होते. नालबंद ही मागनं आठवलेली गोष्ट नव्हती.

आता आपण शेतकऱ्याच्या पद्धतीनं गणित करून बघू. पंचवीस घोडे म्हणजे शंभर खूर. घोड्याचा खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. म्हणून आजचा नियम असा की सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावा आणि नाल असेल तर काढून परत बसवावा. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. शंभर खूर 42 दिवसांत करायचे तर एका नालबंदाला रोज दोन-तीन खूर आले. वरून वाटेत पडलेली नाल, मोडलेला खूर, दगड रुतलेला पाय हे जादाचं काम. कूच चालू असताना, विस्तव पेटवून, लोखंड ठोकून एवढं करायचं म्हणजे एका माणसाला पुरेसं काम आहे, पण झेपणारं आहे. पन्नास घोड्यांमागं एक धरला असता तर तो मागं पडला असता. हा आकडा कुणी हवेतनं काढलेला नाही, जनावर बघितलेल्या माणसाचा आहे.

हजारीचा हिशोब केला तर 1250 घोडे, 5000 खूर, 50 नालबंद आणि 50 पखालजी. पाण्याचं पण बघा. घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी लागतं, उन्हात कामावर असला तर जास्तच. पंचवीस घोड्यांना हजार लिटरच्या घरात जातं. पखालजी का लागायचा ते यावरून कळतं.

सभासदानं पावसाळ्याचंही लिहिलंय. पावसाळ्यात फौज छावणीला परत यायची. त्याआधीच तिथं दाणा, रतीब, घोड्यांची औषधं आणि गवतानं शाकारलेली घरं तयार ठेवायची. दसरा झाला की परत कूच. आपण याला रिवाज म्हणून सोडून देतो. पण खुराच्या बाजूनं बघा. कोकणात आणि मावळात चार महिने चिखल. खूर सतत ओला राहिला की मऊ पडतो, त्याच्या खाचेत शेण-माती अडकून कुजायला लागतं, काळं घाण वासाचं पाणी सुटतं आणि घोडा पाय टेकेनासा होतो. मऊ खुरात खिळा पण धरत नाही, नाल सुटते. अशा घोड्यावर बसून पावसात मोहीम करायची म्हणजे निम्मी फौज वाटेतच लंगडणार. कोरडं छप्पर आणि चार महिने आराम, हेच तेव्हाचं सगळ्यात मोठं औषध होतं.

1673-74 च्या सुमाराचं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना, म्हणजे जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असा त्याचा आशय आपण भाषणात ऐकतो. पण ते पत्र मुळात घोड्याच्या वैरणीचं आहे. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवलीय, ती आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत तर पुढं मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलंय. मग तुम्ही रयतेचं दाणं-गवत ओढायला लागाल, आणि रयतेला मोगल बरा वाटायला लागंल. पुढं अजून बारीक सांगितलंय. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलमीचा विस्तव नेऊ नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि गंज पेटते. वैरण गेली की घोडी गेली, घोडी गेली की पागा बुडाली. ज्याच्या घरी कडब्याची गंज आहे त्याला हे पत्र वेगळं समजावून सांगायला नको.

आता यात लंगडण्याचा संबंध काय? मोठा आहे. घोडा लंगडतो तो फक्त दगड लागून नाही. खाण्यातल्या गडबडीनंही लंगडतो, आणि ते लंगडणं सगळ्यात वाईट. घोड्याचं पोट लहान, त्याला थोडं थोडं आणि सारखं खायला लागतं. उपाशी घोड्याला एकदम पोतंभर दाणा सापडला, किंवा कुणी लाडानं भरपूर गहू-मका घातला, तर तो दाणा मोठ्या आतड्यात आंबतो. त्यातनं तयार झालेलं आम्ल आणि विष रक्तात उतरतं आणि त्याचा तडाखा बसतो खुराला. खुराच्या आतलं हाड बाहेरच्या कवचाला पानांच्या थरांसारख्या पडद्यांनी चिकटलेलं असतं. ते थर सुजतात, सुटतात, आणि अंगाचं वजन पेलणारं हाड खाली सरकायला लागतं. असा घोडा पुढचे पाय लांब टाकून, वजन मागं घेऊन उभा राहतो. खुराला हात लावला तर गरम लागतो. वेळेत डॉक्टर आला नाही तर तो घोडा परत कामाला येत नाही. म्हणजे वैरण मोजून घाला या हुकमात पोट आणि पाय दोन्ही वाचतात. आपल्याकडं घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात आणि ती तोबऱ्यात मोजून घालायची रीत होती. हुलगा किंवा हरभरा भिजवून, ठरल्या वेळेला, ठरल्या मापानं. त्या मापाला कारण होतं.

हे ज्ञान महाराजांच्या काळात एकाएकी आलं नव्हतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घोड्यांच्या अधिकाऱ्यावर एक अख्खा अध्याय आहे. ठाणाची जमीन गुळगुळीत फळ्यांची असावी, मूत आणि लीद निघून जायची सोय असावी, असं त्यात आहे. घोड्याच्या वैद्याच्या चुकीनं दुखणं वाढलं तर खर्चाच्या दुप्पट दंड आणि घोडा मेला तर किंमत भरून द्यायची, असंही आहे. शालिहोत्र ऋषीच्या नावानं घोड्याच्या वैद्यकाची मोठी परंपरा चालली, तिचे ग्रंथ पुढं फारसीतही गेले. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणायचे तो शब्द यातूनच आलाय. नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं छापलंय, आणि ते ग्रंथालय वाढवलं ते भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांनी. ऐन-ए-अकबरीत शाही तबेल्यातल्या घोड्यांना वर्षातून दोनदा नाल मारायच्या खर्चाची नोंद आहे.

लांब ग्रीसमध्ये झेनोफोन नावाच्या सेनापतीनं साधारण 2400 वर्षांपूर्वी घोड्यावर पुस्तक लिहिलं. त्या काळी तिकडं खिळ्याची नाल नव्हती. तो सांगतो, तबेल्याबाहेर मुठीत मावतील असे चार-पाच गाड्या गोल दगड पसरा आणि घोड्याला खरारा करताना त्यावर उभा करा, खूर टणक होतो. तबेल्याची जमीन ओली राहू देऊ नका, हेही तो सांगतो. आता आपल्या भीमथडीचा विचार करा. भीमेच्या, नीरेच्या, माणच्या काठचा मुरूम, खडक, टणक माळ. जे शिंगरू जन्मल्यापासून त्यावर हिंडतं त्याचा खूर तसाच घडतो. म्हणून आपलं तट्टू उंचीला कमी पण पायाला पक्कं. अरबी घोड्यासारखं देखणं नसंल, पण थोड्या वैरणीवर, खडकाळ घाटातनं लांब मजल मारणारं. आपल्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे, गावाच्या नावातच पागा. कंपनी सरकारनंही आलेगावला घोडपैदास केंद्र ठेवलं होतं.

फौजेच्या घोड्याचा पैसाही समजून घ्या. बारगिराचा घोडा सरकारचा असायचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा लंगडा झाला म्हणजे त्याची रोजीरोटीच गेली. त्यामुळं तो घोड्याला जिवापाड जपायचा, आणि कधी कधी लढाईत पुढं घालायला कचरायचाही. पेशवाईत शिलेदाराला मोहिमेआधी आगाऊ रक्कम मिळायची तिला नालबंदी म्हणायचे. बघा, नाल ठोकण्याचा शब्द थेट पगाराच्या हिशोबात गेला. तसाच घासदाणा. घोड्याचं गवत आणि दाणा हा शब्द पुढं एका वसुलीचंच नाव झाला. ज्या राज्याच्या जमाखर्चाची भाषाच घोड्याच्या खुरातनं आणि तोबऱ्यातनं आली, त्या राज्यात घोड्याला काय किंमत होती ते वेगळं सांगायला नको.

आणि ही किंमत कळूनही वैरणीची वाट तुटली तर काय होतं, ते पानिपतानं दाखवलं. 1760 च्या अखेरीला अब्दालीनं भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तोडली. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत जनावरं उपासानं मरायला लागली. 14 जानेवारी 1761 ला जी फौज बाहेर पडली तिचे घोडे आधीच खंगलेले होते. शौर्य कमी नव्हतं, पण उपाशी घोड्याच्या पायात दौड कुठली येणार?

योगायोग बघा, त्याच 1761 साली फ्रान्समध्ये लियाँ शहरात क्लोद बुर्जला नावाच्या माणसानं जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय उभं केलं. आपल्याकडं मुंबईत परळला असं महाविद्यालय 1886 ला सुरू झालं. तोवर गावोगाव नालबंद, सालोत्री आणि मोतद्दार हेच घोड्याचे डॉक्टर. अजूनही महाराष्ट्रात नालबंद आडनावाची घरं भेटतात. आडनाव राहिलं, बऱ्याच ठिकाणी धंदा गेला.

माझी खरी काळजी इथंच आहे. भीमथडी घोड्याला आता देशातली स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदणी मिळालीय, 2024 च्या सुरुवातीला ती जाहीर झाली. चांगली गोष्ट आहे. पण जातीची नोंद झाली म्हणून जात टिकत नाही. ती टिकते ती धनगराच्या वाड्यावर, आणि त्या घोड्याला सहा आठवड्यांनी खूर तासणारा माणूस लागतो. तो माणूस तालुक्यात किती राहिले ते मोजा. सभासदाचं माप लावलं तर उत्तर तुम्हालाच मिळंल. रस्तेही बदलले. जो खूर मुरमावर घडला तो आता डांबरावर आणि गुळगुळीत फरशीवर चालतो. माथेरानला तांबड्या मातीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचा वाद कोर्टापर्यंत गेला, आणि त्यात घोडा घसरतो हा एक मुद्दा होता.

म्हणून ज्यांच्याकडं घोडा आहे, किंवा ज्यांच्या शेतात घोडेवाला उतरतो, त्यांच्यासाठी जुन्या रीतीतलं आणि आजच्या डॉक्टरांच्या शास्त्रातलं जे जुळतं ते थोडक्यात लिहितो.

1) खूर रोज उचलून बघा. कामाच्या आधी आणि नंतर. तळव्यात मधोमध जो मऊ तीनकोनी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूच्या खाचा टाचेकडून पुढं साफ करा. घाण वास, काळं पाणी दिसलं तर कुजायला लागलंय. जागा कोरडी करा आणि डॉक्टरला दाखवा.

2) सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून घ्या. अख्खा खूर पुढच्या बाजूनं नवा यायला 9 ते 12 महिने लागतात. एकदा वाकडा वाढवला तर सरळ करायला वर्ष जातं.

3) नालेचा खिळा तळव्याच्या कडेला असलेल्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरच बसला पायजे. आत गेला तर घोडा त्याच दिवशी नाहीतर दोन-चार दिवसांत लंगडतो. नाल मारल्यानंतर घोडा लंगडला तर पहिला संशय खिळ्यावर घ्या.

4) कुठला पाय दुखतोय ते ओळखायला घोडा कडक जमिनीवर सैल दोरीनं दुडकीनं चालवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन, साधारण साठ टक्के, पुढच्या पायांवर असतं, म्हणून बहुतेक लंगडणं पुढंच सापडतं.

5) चारही खुरांना रोज हात लावा. एखादा जास्त गरम लागला, खुराच्या वर मागच्या बाजूची नाडी जोरात उडत असली, तर थांबा. काम बंद.

6) दाण्याची खोली बंद ठेवा. घोडा दाण्यात शिरला असं कळलं तर तो लंगडायची वाट बघू नका. लगेच डॉक्टरला बोलवा. मधल्या वेळात खूर बर्फानं किंवा गार पाण्यानं सतत थंड ठेवा. चंदी बदलायची तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला.

7) खिळा, काच तळव्यात घुसली तर ती ओढून टाकून मोकळं होऊ नका. जमलं तर डॉक्टर येईपर्यंत तशीच राहू द्या, घोडा हलवू नका, म्हणजे ती किती खोल आणि कुठं गेलीय ते कळतं. पण टेकल्यावर ती अजून आत जात असेल तर काढा आणि जागेवर खूण करून ठेवा. धनुर्वाताचा जंतू माती आणि लिदीत असतो आणि घोडा हा धनुर्वाताला सगळ्यात नाजूक जनावरांपैकी एक आहे. त्याची लस आहे. पहिल्या वेळी चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक. आपल्या पशुवैद्यकाला विचारून देऊन ठेवा.

8) दुखणं मारायचं इंजेक्शन देऊन घोडा कामाला जुंपू नका. दुखणं हीच घोड्याची बोली आहे. ती बंद केली तर आत काय मोडतंय ते कळणार नाही.

शेवटची विनंती. तुमच्या भागात नालबंद किंवा पत्री ठोकणारा म्हातारा कारागीर असंल, तर गावातलं एखादं होतकरू पोरगं त्याच्या हाताखाली लावा. आजच्या पशुवैद्यकानं आणि त्या म्हाताऱ्यानं एकत्र बसून शिकवलं तर अजून चांगलं. एका माणसाला पंचवीस जनावरं पुरतात, हा हिशोब साडेतीनशे वर्षांपूर्वी झालाय. ऊसतोडीचे बैल धरले तर कुठल्याही तालुक्यात त्याला काम कमी पडणार नाही.

तुमच्याकडं घोड्याच्या पायाला कुठले शब्द आहेत, कुठल्या रीती आहेत, त्या खाली लिहा. वाचून सगळ्यांनाच उपयोग होईल.